जिनेशचं स्वतंत्र टेबल

जिनेश संतापला होता, आणि त्याच्या मते त्याचा संताप अगदी रास्त होता. जळगावच्या त्या होस्टेलमधल्या खोलीत मुलं दोन आणि टेबल एक. त्या टेबलावर झैदचा सगळा संसार: इस्त्री, हेअर ड्रायर, चोपड्याहून आलेला केळीच्या वेफर्सचा डबा आणि डब्यावर झैदचे पाय. इकडे जिनेशचा बिल्डिंग कन्स्ट्रक्शनचा पेपर मागच्या खेपेला राहिलेला. पुन्हा राहिला, तर वडील कन्हैयालालजी धुळ्याच्या कापडदुकानात बसवणार होते.

"टेबल रिकामं कर," जिनेश म्हणाला.

"मग इस्त्री कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"राहू दे! मी माझं टेबल बनवतो. सिव्हिलला आहे मी, सिव्हिलला!"

मेसच्या मागून त्यानं केळीचे रिकामे क्रेट आणले. फळी मात्र मिळेना. तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकवलेलं एक दार दिसलं. शेजारी करवतसुद्धा! (एवढी सोय तर सख्खे नातेवाईकही करत नाहीत.) भंगारच असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. कपाट आणि खिडकीच्या मधे दार मावेना, म्हणून फूटभर कापलं. क्रेटवर आडवं टाकलं, बेडशीटचा पडदा सोडला, आत बसून पुस्तक उघडलं, आणि बाहेर बोंब उठली.

नथ्थू मिस्तरी चहा पिऊन परतला होता. "मन्हं दार कोठे शे? बाथरूमनं दार शे ते!"

पडदा सरकला. समोर रेक्टर धनसिंग सर.

"काय आहे हे?"

"स्टडी स्पेस, सर."

"आणि मुलांनी आंघोळ कुठं करायची?"

"सर, तुम्ही दोघांना दोन टेबलं दिली असती तर ही वेळ आली असती का?"

सरांनी नथ्थूकडे पाहिलं. नथ्थूनं दाराकडे पाहिलं. "बसाडस, सर. पन बठ्ठास्ना पाय दिखतीन."

तसंच झालं. दार बसलं, पण खालून सगळ्यांचे पाय दिसू लागले. मुलं बाहेर उभी राहून पाय ओळखू लागली. जिनेश आत गेला की, "इंजिनिअरसाहेब, नखं वाढलीत!" जिनेश साबण लावता लावता आतून भांडायचा. क्रेट मेसवाल्या प्रमिलाबाईंनी ओढून नेले. शेवटी झैदनंच दया येऊन इस्त्री खाली ठेवली, आणि टेबलाच्या त्या कोपऱ्यात जिनेशनं दातओठ खात अभ्यास केला.

पेपरात प्रश्न आला, 'बाथरूमच्या दारांची रचना सांगा.' जिनेशचं पेन पेटलं. दार जमिनीपर्यंत हवं हा हट्टच जुनाट आहे. खाली फूटभर फट असली की हवा खेळती राहते, आत कोण आहे ते कळतं, कडी वाजवावी लागत नाही... त्यानं पुरवणी मागून लिहिलं. बाहेर आला तो छाती काढूनच.

निकालात बाकीचे सगळे विषय निघाले.

धुळ्याहून फोन आला. दाराची हकिगत रेक्टरांनी आधीच कळवलेली होती. कन्हैयालालजी अजिबात रागावले नाहीत.

"सोमवारपासून दुकानात ये, बेटा," ते म्हणाले. "फक्त कात्रीला हात लावायचा नाही."