सोबतचे भायर!

“भायर! सोबत इलेले सगळे भायर! बायको भायर, मेवणो भायर, झील असलो तर तोपण भायर!”

घाटकोपरच्या लॅबमध्ये सकाळी सकाळी हा पुकारा झाला, तेव्हा मी बाही गुंडाळून खुर्चीत बसलो होतो. रक्त घेणाऱ्या मुलीच्या हातातली सुई हवेतच थांबली. माझी बायको नंदा पर्स छातीशी धरून दाराकडे बघत राहिली.

ओरडणारे गृहस्थ लॅबचे मालक नव्हते, डॉक्टर नव्हते, वॉचमनही नव्हते. ते आमच्या सोसायटीतले सावंतदादा. लॅबशी त्यांचा संबंध एवढाच, की ती त्यांच्या दुधाच्या वाटेवर पडते. हातात दुधाची पिशवी होतीच. एरवी ते चारचौघांसारखं मराठी बोलतात, पण तापले की मालवणीत शिरतात; मग ‘बाहेर’चं ‘भायर’ होतं आणि मुलाचा ‘झील’. आणि आवाज असा, की दादा घाटकोपरला शिंकले तर विक्रोळीतली माणसं ‘शतायुषी व्हा’ म्हणतात.

दादांचं वेड एकच : पीएसए. पुरुषाच्या लघवीच्या वाटेवर प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. तिथे कॅन्सरची शंका घ्यावी की नाही, हे बघायला रक्तातला एक आकडा काढतात, तो पीएसए. आता हा काय लिफ्टमध्ये बोलायचा विषय आहे? पण पन्नाशीपुढचा पुरुष दिसला, की दादा सुरू. “पीएसए केलंस? बरोबर केलंस ना? नुसतं करून उपयोग नाय!” शेजारी शहांची सून उभी असो, नाहीतर भटजी. आमच्या सोसायटीतल्या तमाम पुरुषांचे गुडघे दादांमुळे गेलेत, कारण लिफ्टमध्ये दादा असतील या भीतीनं सगळे जिन्यानं चढतात. मुलुंडच्या एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना नवऱ्यामुलाच्या बापाला गाठलं होतं. अक्षता टाकायच्या सोडून तो बिचारा लघवीला जळजळ होते का ते आठवत उभा.

मी मात्र हसण्याच्या पलीकडे गेलो होतो. माझा पहिला आकडा हवा त्याहून बराच वर आला होता. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा करू. पुन्हा एवढाच आला तर आत सुई घालून तुकडा काढून तपासू.” तेव्हापासून मी रात्री कुशीवर वळलो तरी नंदा दचकून उठायची. आणि आदल्या दिवशी, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी हे लिफ्टमध्ये दादांना बोलून बसलो.

“अहो, मी बायको आहे त्यांची,” नंदा म्हणाली.

“म्हणूनच भायर! वहिनी, रागावू नका. दोन मिनिटं.”

दार लागलं. दादा माझ्यापुढे वाकले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

“ताप होता गेल्या पंधरवड्यात?”

“नाही.”

“लघवीचा त्रास? जळजळ?”

“नाही हो.”

“बायकोला ठाऊक नसलेली कसली गोळी?”

“नाही.”

“सायकल?”

मी छताकडे बघितलं. वर्षापूर्वी पवईच्या उतारावर आपटलो, तेव्हा नंदानं देवासमोर शपथ घ्यायला लावून सायकल विकायला सांगितली होती. विकली असं मी सांगितलं होतं. ती शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे सुखात होती आणि रोज ‘बागेत फिरायला’ म्हणून मी तिच्यावर बसून पवईला जात होतो.

“खरां सांग मेल्या! मशीन बिचारी काय करतली? तिका रक्त कळता, लाज नाय कळत.”

“आज पवईपर्यंत,” मी पुटपुटलो. “पहिल्या टेस्टच्या दिवशीपण.”

दादा त्या मुलीकडे वळले. “सुई ठेव गं बाय. सीटवर तास तास घासून इलो हा. त्यानंसुद्धा आकडा चढता कधीकधी.” मुलीनं मान डोलावली. म्हणाली, “सर, फॉर्मवर विचारतो आम्ही. लोक बायकोकडे बघतात आणि ‘नाही’ सांगतात.”

मी सायकल सोडली. काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. या वेळी नंदा बाकावर बसली होती आणि शेजारी दादा, तिला आत जाऊ न देण्यासाठी. आकडा उतरला. डॉक्टर म्हणाले, सायकलमुळे वाढला होता की आणखी कशानं, ते छातीठोक सांगता येणार नाही, पण आत्ता तुकडा काढायची गरज नाही, नजर ठेवू. त्या दिवशी मी नंदाला सायकलचं खरं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, आणि ते दोन दिवससुद्धा मला झकास वाटले.

पेढे घेऊन दादांकडे गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात पहिल्यांदाच. दादा एकटे राहतात, पण खोलीत खाटा दोन. दुसरीवर धुतलेली चादर, सुरकुती नाही.

“दादा, एक विचारू? टेस्टचं तुम्ही सांगता ते कळलं. पण माणसांना बाहेर का काढता? नंदा अजून चिडलेय.”

दादांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“विजू माझा धाकटा भाऊ. वडलांची मिल बंद पडली, ते गेले, मग मीच त्याला वाढवला. त्याच्या पीएसएला सोबत गेलो होतो मी. काउंटरवरच्या पोरीनं त्याला विचारलं, काही गोळ्या चालू आहेत? त्यानं तोंड उघडायच्या आधी मीच बोललो. म्हटलं, गोळ्या? सावंतांच्या घरात डोकेदुखीची गोळी येत नाय! छाती फुगवून म्हटलं. विजू खाली बघत होता.”

बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होईना.

“तो केस यायची गोळी घ्यायचा. दोन-तीन वर्षं घेत होता. आरशासमोर उभा दिसला तरी मी ओरडायचो त्याच्यावर, माझ्यासमोर कसं सांगणार? त्या गोळीनं पीएसएचा आकडा निम्मा दिसतो. डॉक्टरला ठाऊक असतं तर त्यानं दुपटीनं वाचला असता. रिपोर्ट नॉर्मल. आम्ही दोघांनी येताना मिसळ खाल्ली.”

“मग?”

“मग वर्षानं पाठ धरली. कॅन्सर हाडात गेला होता. नव्या डॉक्टरनं मला खोलीबाहेर बसवलं आणि त्याला एकट्याला विचारलं, तेव्हा बोलला. तो डॉक्टर मला म्हणाला, आधी कळलं असतं तरी काय झालं असतं, सांगता येत नाही. चांगला माणूस. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला.”

मी दुसऱ्या खाटेकडे बघितलं.

“विजू काही बोलला नाही तुम्हाला?” मी विचारलं.

“एकदाच. औषधांनी केस सगळे गेले होते तोवर. डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, दादा, मधी केस बरे इले होते माझे, नाय?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“होय म्हटलं.”