चार मिनिटं जादा

एकवीस किलोमीटरची शर्यत दोन तासांच्या आत संपवायची, असं उदयसिंह इंगवले यांनी ठरवलं. इथवर ठीक होतं. चूक झाली ती बाळासोला हे सांगण्यात. बाळासो त्यांचा बालमित्र आणि शिवाजी पेठेतल्या तालमीचा हौशी कार्यकर्ता. त्याच्या कानावर घातलेली गोष्ट चहा गार व्हायच्या आत पेठभर होई.

अठ्ठेचाळीस वर्षांचे उदयसिंह शाळेत चित्रकला शिकवत. चार महिने ते पहाटे उठून रंकाळ्याभोवती पळाले. पायाची दोन नखं काळी पडली, पण सरावाची वेळ एक तास अठ्ठावन्न मिनिटांवर आली.

शर्यतीच्या दिवशी सतरा किलोमीटरपर्यंत सगळं मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात वळणावर हलगी कडाडली. रस्त्याच्या मधोमध हार घेऊन बाळासो, शेजारी ओवाळणीचं ताट घेऊन त्याची आई धोंडुबाई.

"बाळ्या, सोड! टाइम चाललाय माझा!"

"आरं, आई सकाळधरनं उन्हात हुबी हाय. ओवाळून घे की!"

धोंडुबाईंना डावलणं शक्यच नव्हतं. उदयसिंहांची लहानपणची अर्धी जेवणं त्यांच्याच हातची. ते जागच्या जागी उड्या मारत उभे राहिले. निरांजन वाऱ्यानं विझलं. तिसऱ्या काडीला पेटलं, तर उड्यांमुळे कुंकू कपाळाऐवजी नाकावर गेलं.

"सरळ हुबा ऱ्हा की रं लेकरा!" धोंडुबाई करवादल्या.

मग फोटो. फोटोत बाळासोचे डोळे मिटले, म्हणून परत फोटो.

शर्यत संपली तेव्हा दोन तास चार मिनिटं झाली होती.

घरी येऊन उदयसिंह भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"अवो, पोहं तरी खावा," त्यांची बायको वर्षाराणी म्हणाली.

"नको."

"शर्यतीवरनं आलाय का पानिपतावरनं?"

"चार म्हैनं घातलं गं मी," ते भिंतीलाच म्हणाले. वर्षाराणीनं बशी बाजूला ठेवली आणि ती त्यांच्या पायांना तेल चोळू लागली.

दुपारी ते खिडकीशी आले, तर चौकात भलामोठा फलक. 'एकवीस किलोमीटर, दोन तासांच्या आत! पेठेचा वाघ उदयसिंह सर यांचे अभिनंदन!' बाळासोनं तो आदल्या दिवशीच छापून ठेवला होता. उदयसिंहांनी त्याला फोन लावला.

"तो फलक काढ. न्हाई जमलं मला."

"किती साधा रं तू! सांच्याला तालमीत सत्कार हाय. फेटेवाला सांगितलाय." फोन बंद.

संध्याकाळी तालीम माणसांनी भरली होती. म्हातारे पैलवान हंबीरराव अध्यक्ष. फेटा डोक्यावर चढला आणि उदयसिंहांना राहवेना. त्यांनी माइक धरला.

"मंडळी, फलकावरचं खरं न्हाई. मला दोन तास चार मिनिटं लागली. चार मिनिटं जादा."

हंबीररावांनी कानामागं हात धरला.

"किती म्हनला?"

"चार मिनिटं जादा."

हंबीरराव ताडकन उठले. "ऐकलंसा का? ठरलंतं दोन तास पळायचं, गडी चार मिनिटं जादा पळाला! वाजवा की रं!"

हलगी सुटली. उदयसिंह "तसं न्हाई" म्हणत राहिले, पण ऐकणार कोण? ऐकत होता फक्त बाळासो. तो बोटांवर काहीतरी मोजत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. तो हळूच जवळ आला.

"उदया, ती चार मिनिटं ओवाळण्यात गेली व्हय रं?"

पहिल्या रांगेत धोंडुबाई नवं लुगडं नेसून, पोटचा पोर जिंकावा तशा टाळ्या वाजवत होत्या. उदयसिंहांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"छ्या! पोटरीत गोळा आलता. तुमच्यात इसावा मिळाला म्हणून तर पोचलो."

असं म्हणताच सकाळपासून छातीवर असलेलं ओझं त्यांना थोडं हलकं वाटलं. बाळासोचाही चेहरा खुलला. त्यानं उदयसिंहांच्या हातातला माइक काढून घेतला.

"मंडळी, सरांच्या पोटरीला इसावा लागतो! फुडल्या वर्षी आपण त्यास्नी चार ठिकाणी ओवाळायचं!"