जावयाचा टॅबलेट आणि सासऱ्यांची खुर्ची

हेडक्लार्कनी नवा टॅबलेट घेतला तो खरं तर खुर्चीपायी. खिडकीजवळची, पाय पसरून पडता येणारी त्यांची लाडकी खुर्ची सासरेबुवांनी आल्या दिवसापासून बळकावली होती. तक्रार करायची सोय नव्हती. "गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठवणार का तुम्ही?" बायको विचारायची. शेवटी हेडक्लार्कनी डोकं चालवलं: आपण नवा घ्यायचा आणि जुना टॅबलेट सासऱ्यांना द्यायचा, म्हणजे तो घेऊन ते आतल्या पलंगावर लोळत पडतील. (ऑफिसात नकोशा माणसाला ते असंच नवं टेबल देऊन हलवत.) पण झालं भलतंच. सासरेबुवा टॅबलेट घेऊन त्याच खुर्चीत आणखी ऐसपैस बसले.

"असू दे!" स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हेडक्लार्क दात-ओठ खात म्हणाले. "निदान हा नवा तरी एकट्यानं शिकून दाखवतो. कुणाला एक अक्षर विचारणार नाही."

नव्या टॅबलेटबरोबर पेन आलं होतं. रागाच्या भरात त्यांनी पडद्यावर खुर्ची काढली, खुर्चीत सासरे काढले आणि सासऱ्यांच्या पायांना मुळं फोडून ती थेट जमिनीत घुसवली. जिवाला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर आपोआप एक रेघ उमटली. मग दुसरी. खुर्चीमागे एक माणूस तयार व्हायला लागला.

"अगं, इकडे ये! हा स्वतःच चित्र पुरं करतोय! काय डोकं दिलंय याला!"

"माझे हात ओले आहेत," बायको नळापाशीच म्हणाली.

त्या माणसाला टक्कल पडलं. मग पोट आलं. हेडक्लार्कनी पोट खोडलं, तर परत आलं, तेही पहिल्यापेक्षा मोठं. "असं काय? मीही सोडत नाही!" म्हणत त्यांनी सासऱ्यांना गाढवाचे कान लावले. लगेच टकल्याच्या हातात झाडू आला.

बाहेरच्या खोलीतून खो-खो हसणं ऐकू आलं. बायको हात पुसत जाऊन बघून आली आणि दारातच हसू दाबत उभी राहिली.

"अहो, दोन्ही टॅबलेटवर खातं तुमचंच आहे ना? तुम्ही इथे काढता ते तिथे बाबांना दिसतंय. आणि बाबा काढतात ते तुम्हाला."

हेडक्लार्कच्या पायाखालची जमीन सरकली. "कानसुद्धा?"

"कान बघूनच तर हसताहेत."

आता माफी मागायचीच आहे, तर त्याच दमात खुर्चीही मागून टाकू, असा निर्धार करून हेडक्लार्क बाहेर गेले. सासरेबुवा डोळे पुसत होते.

"बाबा, ते कान जरा चुकून… आणि ही खुर्ची म्हणजे माझी…"

"अहो जावईबापू, कित्येक दिवसांत एवढा हसलो नव्हतो! उद्या निघावं म्हणत होतो. आता कसला जातोय!" सासरेबुवा आणखी मागे रेलले. "बरं झालं आलात. असे मागे उभे राहा बघू, बाजूनं. पोट काही नीट जमत नाहीये."

हेडक्लार्क खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, पोट आत ओढून.

"सोडा, सोडा!" सासरेबुवा म्हणाले. "ओळखू येत नाही."