अकरा मालकांची साइट

हट्ट्याच्या शाखेत कोणी कॉम्प्युटरवर फाइल अडकवून ठेवून निघून गेलं, तर ती सोडवायला वसमतहून मोपेडवर जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भुजंगराव. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, मधे एक क्लिक. उन्हाळ्यात परत यायचे तेव्हा हळद शिजवायच्या कढईशेजारी दिवसभर उभं राहिल्यासारखा चेहरा झालेला असायचा.

मी म्हणायचे, "अहो, फोन करायचा ना."

"केला. उचलला न्हाई. फाइल आपल्या नावावर चेक-आउट करून गेलं बेणं. इथून सोडवली तर त्यानं लिहिलेलं जाते." डोक्याचा रुमाल सोडत ते म्हणायचे, "सरकारी हापशाला कुलूप घालून किल्ली खिशात नेल्यावानी झालं हे. बाकीच्यानं पाणी कुठून भरावं?"

आमची कंपनी शेतकऱ्यांचीच. सभासदांची हळद गोळा करायची, पॉलिश करायची, विकायची. मुख्य ऑफिस वसमतला, एक शाखा हट्ट्याला, एक नरसीच्या रस्त्यावर. तिन्हीकडच्या माणसांना एकाच कागदावर काम करता यावं म्हणून कुठल्याशा प्रकल्पातून आम्हाला इंटरनेटवर एक साइट मिळाली. भाड्याच्या घरासारखी. घर दुसऱ्याचं, राबता आपला. सातबारे, माती परीक्षणाचे अहवाल, सेंद्रिय हळदीची प्रमाणपत्रं, बैठकांची इतिवृत्तं, सगळं तिथे.

ती साइट सांभाळायचे भुजंगराव. शिक्षण दहावी नापास. त्याआधी एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायचे. आणि त्यांच्या हाताखाली मी, बी.सी.ए., प्रथम श्रेणी. आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, त्यात लाजायचं काय? दहावी नापास माणसाच्या हाताखाली काम करायची मात्र लाज वाटायची. तेही सांगून टाकते.

कुठूनही "साइट बंद पडली हो!" अशी बोंब आली की मी खुर्चीतून उठायचे. भुजंगराव उठायचे नाहीत. "आधी दुखणं कोणाचं हाय ते पाहा," म्हणायचे. "माणसाचं, मशीनचं, का साइटचं?" आणि फोन कानाला लावून चौकशी सुरू. एकदा नरसीच्या रस्त्यावरच्या शाखेतून एका संचालकांचा फोन आला. ते तापलेले.

"दुसऱ्याच्या मशीनवर उघडते का?"

"उघडते. माझ्याच मशीनवर उघडून न्हाई राहिली."

"तुमच्या मशीनवर दुसऱ्या ब्राउझरात पाहा."

थोड्या वेळानं, "तिथं बी उघडली."

"मंग साइट बराबर हाय. तुमच्या ब्राउझराच्या पोटात जुनं साचलं. ते साफ करा."

"कसं करू?"

"तुमचं सोताचं पोट साचल्यावर काय करता?"

त्या संचालकांनी आठवडाभर बोलणं टाकलं. साइट मात्र त्याच दिवशी उघडली.

फाइलच्या नावात 'फायनल' दिसलं की त्यांचं टाळकं फिरायचं. आमच्याकडे एकाच इतिवृत्ताच्या चार फाइली होत्या: फायनल, फायनल दोन, फायनल खरं, आणि आबासाहेबांनी पाहिलेलं फायनल. आबासाहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. भुजंगराव म्हणायचे, "एकच फाइल ठेवा. मागचं सगळं साइट आपल्या मनानं जपून ठेवते, लागंल तवा मागं जाता येते. आन् फायनल काहून लिहिता? माणूस तरी कुठं फायनल असते?" नावं आखूड ठेवा हा दुसरा हट्ट. लांबलचक नावाची फाइल कुठेतरी अडकायचीच. कोणी ओळभर नाव दिलं की विचारायचे, "लग्नपत्रिका छापून राहिले का?"

दर सोमवारी ते साइटची कचरापेटी उघडून बसायचे. चहा पीत एकेक नाव वाचायचे. मी एकदा विचारलं, "त्यात काय बघता एवढं?" म्हणाले, "चुकून भाईर पडलेलं कोणी हाय का पाहतो. तीन महिन्यानं साइट बी विसरते." घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब लातूरकडे दिलेली. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे, कोणी नसलं की बाई.

आता मालकीचं सांगते, कारण सगळं बिनसलं ते तिथून.

साइटवर माणसाला तीन दर्जे देता येतात. मालक, सदस्य, आणि फक्त वाचणारा. मालकाला काहीही करता येतं, पुसताही येतं. भुजंगरावांनी सुरुवातीला हिशोबानं वाटणी केली होती. मालक दोन, ते स्वतः आणि आबासाहेब; काम करणारे सदस्य; आणि नऊ संचालकांपैकी बाकीचे आठ नुसते वाचणारे. पुढच्या बैठकीत जो दंगा झाला! "मी काय नुसतं वाचायला निवडून आलो का?" एकानं टेबलावर हात आपटला. त्यांनी उभ्या आयुष्यात साइट एकदाही उघडली नव्हती. पण शेजारी बसलेला मालक आणि आपण वाचणारे, हे आमच्याकडे कोणी सहन करत नाही. एकाला मालक केलं, दुसरा रुसला. महिन्याभरात नऊही मालक झाले.

दहावे मालक आबासाहेबांचे जावई. पुण्याची नोकरी सोडून आले आणि कंपनीचे सल्लागार झाले. भुजंगराव दबकत म्हणाले, "जावईबापूंना सध्या सदस्य करतो. काम चालते त्यानं."

आबासाहेब हसले. त्यांचं हसणं वाईट. "भुजंगराव, आमच्या जावयाला पाटावर बसवायचं का उंबऱ्यावर, हे तुमी ठरवणार व्हय?"

भुजंगरावांनी मालकी दिली. अकरावे ते स्वतः. पण ते रोजच्या कामाला मालकाच्या नावानं आत जायचे नाहीत, साधं दुसरं नाव वापरायचे. "घरात फिरताना कोणी कमरेला कोयता लावून फिरते का? लागला की काढावा, झालं की ठिवून द्यावा." बाकीचे दहा जण कमरेला कोयते लावून फिरत होते, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. म्हातारा उगाच भितो, असं वाटायचं.

मला नोकरी लागून सात महिने झाले होते. जावईबापू लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, याच्यात जागाच नाही राहिली. जाम स्लो चालतंय."

मी पाहिलं. साइटवरचं अख्खं फोल्डर त्यांनी लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. अशी उतरवलेली प्रत साइटला जोडलेली असते. इथे पुसली की तिथेही पुसली जाते, सगळ्यांची. म्हणून आधी जोडणी तोडायची आणि मगच पुसायचं. हा फरक मला माहीत होता. कॉलेजात नाही, भुजंगरावांनी पहिल्या आठवड्यात सांगितला होता. पण मी फोनवर बोलत होते, आणि जावईबापूंना काही समजावायला गेलं की "आय नो, आय नो" करायचे. मी फोनवर हात ठेवून म्हणाले, "ते फोल्डर काढून टाका." आणि पुन्हा फोनला लागले.

त्यांनी काढून टाकलं. मालकच ते. साइटनं अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचे खरेदीदार आले. आबासाहेबांनी सगळ्यांना चहा दिला, मोठा पडदा लावला आणि प्रमाणपत्रं दाखवायला घेतली. पडदा पांढरा. या कप्प्यात काही नाही, त्या कप्प्यात काही नाही. तेवढ्यात हट्ट्याहून फोन, "साइट रिकामी दिसून राहिली, काय करू? आमच्याकडच्या फाइली टाकू का पुन्हा?"

भुजंगराव धावत आले. "कोणी हात लावू नका," एवढंच म्हणाले. "रिकामी दिसली म्हणून भरायला जाऊ नका. जुनं-नवं एकात एक मिसळलं की मंग निवडता येत न्हाई." ते कचरापेटी उघडून बसले. तिथे प्रत्येक फाइलपुढे पुसणाऱ्याचं नाव असतं. शेकडो ओळी, आणि सगळ्यांपुढे एकच नाव. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा जरासा माझ्याकडे वळवला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सरळ केला. दुपारपर्यंत एकूण एक फाइल जागेवर आली, पण खरेदीदार त्याआधीच गेले होते.

तिसऱ्या दिवशी बैठक. मी इतिवृत्त लिहायला बसलेली.

"साइट कोणाकडं हाय?" आबासाहेबांनी विचारलं.

"माझ्याकडं," भुजंगराव उभे राहिले.

"मंग रिकामी कशी झाली?"

कोणी पुसलं हे तोवर निम्म्या खोलीला कळलं होतं, पण जावयाकडे बोट कोण दाखवणार? आमच्याकडे चूक कोणाची हे शोधत नाहीत, चूक कोणाला शोभेल ते बघतात. शेवटी जावईबापू आपणच म्हणाले, "मी काही मनानं नाही केलं हं. लॅपटॉप स्लो होता. मला इथल्याच एकांनी सांगितलं, की..." आणि त्यांची मान माझ्याकडे वळायला लागली.

माझ्या हातातलं पेन थांबलं. पोरगी ऑफिसात आहे असं बापानं गावभर सांगितलं होतं. भावकीतल्या दोघींना माझ्याकडे बोट दाखवून कॉलेजात घातलं होतं. ती मान वळेपर्यंत मला हे सगळं आठवून झालं.

"म्या सांगतलं," भुजंगराव म्हणाले. "काढून टाका म्हणलो जावईबापूंला. सांगण्यात चुकलो."

जावईबापूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिशातून मोबाइल काढला. त्यांचं काम भागलं होतं.

"वय झालं आता तुमचं," आबासाहेब म्हणाले.

"व्हय. झालं."

माझ्या सुवाच्य अक्षरात मी लिहिलं, "श्री. भुजंगराव यांनी चूक मान्य केली." मग ते टाइप करून साइटवर चढवलं. फाइलचं नाव आखूड ठेवलं.

त्यांना घरी बसवलं आणि साइट माझ्याकडे आली. पहिलं काम, त्यांच्या नावानं आत जाऊन त्यांचंच नाव काढणं. ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "बाई, आधी सोताला मालक करून घ्या आन् मंग मला काढा. उलटं केलं तर दोघं बी भाईर राहू." मी तसं केलं. त्यांनी रुमाल बांधला आणि गेले. टेबलाजवळ उभे होते तेवढ्या वेळात मी एकदाही मान वर केली नाही.

हक्क नसलेल्या माणसानं साइट उघडली की ती म्हणते, तुम्हाला प्रवेश नाही. खाली एक छोटी चौकट येते. प्रवेश कशासाठी हवा ते लिहा. लिहिलेलं माझ्याकडे येतं, खाली दोन बटणं घेऊन: मंजूर, नामंजूर.

सोमवारी सकाळी पहिली विनंती आली. भुजंगराव. त्यांनी प्रवेश मागितलाच नव्हता. लिहिलं होतं, "हळद नोंदणीची यादी पाच हजार ओळींच्या जवळ गेली असंल. पाच हजाराच्या पुढं साइट अडते. शोधायचा इंडेक्स आताच लावा, मागून तकलीफ होते." मी बघितलं. चार हजार नऊशेच्या वर गेली होती.

मंगळवारी: "हट्ट्याचं पोरगं नोकरी सोडून जाऊन राहिलं म्हणते. त्याचं नाव काढायच्या आधी त्याच्याकडच्या फाइली सोडवा." बुधवारी: "हक्क माणसाला देऊ नका, गटाला द्या. माणसं बदलतात." रोज एक. प्रवेशाबद्दल कधी अक्षर नाही. मी मंजूर केलं तर आबासाहेब विचारतील. नामंजूर केलं तर त्यांना लिहायला तेवढीही जागा उरणार नाही. मी दोन्ही केलं नाही. ती विनंती तशीच उघडी ठेवली.

त्या चौकटीत मला उत्तर देता येतं. पंधरा दिवस मी दिलं नाही. मग एका सकाळी लिहिलं, "जावईबापूंना फोल्डर काढायला मी सांगितलं होतं. तुम्ही नाही. इतिवृत्तात मी खोटं लिहिलं." आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं आलं. "वाचलं. माहीत व्हतं. आता ते पुसा, लेकरा. इथं लिहिलेलं सगळ्या मालकांना दिसते."

मी पुसलं नाही. महिना होत आला. माझ्याशिवाय दहा मालक आहेत त्या साइटचे. एकानंही अजून ते पान उघडलेलं नाही.