‘विसरलो’ काढून टाकलं

धाकट्याने पाठांतराचं सॉफ्टवेअर वडिलांसाठी सोपं करायला घेतलं, त्यात त्याचा हेतू चांगलाच होता. थोरल्याची परदेशी सासू पहिल्यांदाच घरी येणार होती, तीही एकटी. लग्न तिकडेच झालं. गुडघ्यापायी वडिलांना जाता आलं नव्हतं. निदान विहीणबाईंशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलावेत, एवढीच त्यांची इच्छा.

सॉफ्टवेअर धाकट्याच्याच कंपनीचं. कार्डावर परका शब्द येई, उलटलं की अर्थ. खाली तीन बटणं: ‘विसरलो’, ‘अवघड’, ‘सोपं’. विसरलेला शब्द लगेच परत येई, आठवलेला सावकाश.

“हे ‘विसरलो’ काढ,” निवृत्त शाळा-तपासनीस वडील म्हणाले. “या वयात यंत्रापुढे कान धरू?”

त्याने काढलं.

“आता अवघड की सोपं, या विचारातच शब्द डोक्यातून जातो बघ.”

मग एकच मोठं बटण उरलं, ‘पुढे’. कंपनीतल्या साहेबांना ते इतकं आवडलं, की सगळ्याच नवशिक्यांना तेच मिळालं.

घोळ एवढाच, की ‘पुढे’ दाबलं की शब्द पाठ झाला, असं सॉफ्टवेअर धरून चाले. वडील भराभर दाबत गेले. आठवड्यातच पडद्यावर ‘शाबास, आता काही उरलं नाही’ आलं. वडिलांनी ते सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

विहीणबाई दारात उभ्या राहिल्या. वडिलांनी घसा खाकरला आणि आठवला तो एकुलता एक परका शब्द म्हणाले, “छत्री.”

बाई जरा थबकल्या. मग त्यांनीही जपून मराठीत उत्तर दिलं, “बादली.”

थोरल्याने त्यांनाही तेच सॉफ्टवेअर दिलं होतं.

“बाबा, फोनवर भाषांतर लावून देऊ?” धाकट्याने हळूच विचारलं.

“नको. मला बोलता येतं, असं कळवून बसलोय.”

दोन दिवस दोघं समोरासमोर बसून हसत राहिले. निघताना बाई हळू आवाजात काहीतरी लांबलचक बोलल्या. डोळे भरले होते. वडिलांनी मनापासून मान डोलावली. दोनदा.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. धाकट्याने घेतला.

“काय म्हणत होत्या रे त्या?” वडिलांनी विचारलं.

“विचारत होत्या, ‘मी आले ते तुम्हाला आवडलं नाही का?’”