टिपणिसांच्या एका ओळीने विसाजी अनंतांचे काय जाहले

उजेडास आणि अंधारास सारखेच वंदन करून, कारण दोहोंवाचून पडद्यावर काही उमटत नाही, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांची साक्ष घेऊन हा मजकूर लिहिला असे. शके अठराशे चौऱ्याहत्तर, नंदननाम संवत्सरी, पडद्याच्या राज्यात विसाजी अनंत या नावाचे पटकर्ते उदयास आले. पट म्हणजे चालतीबोलती चित्रे; ती मनात योजावी, नटांकडून वठवून घ्यावी, कॅमेऱ्यात धरावी आणि गावोगाव दाखवावी, हा त्यांचा उद्योग. वय तिशीच्या आत, अंगकाठी बारीक, बोलणे थोडके, परंतु हात वर करून "चालू द्या" म्हणाले की शंभर माणूस एका श्वासाने हाले. पहिलाच पट नावाड्याच्या लेकीचा केला, तो रयतेने डोक्यावर घेतला, आणि राघोशेठ कासार या नावाचे मातबर गृहस्थ पाठीशी उभे राहिले, आणि त्याच साली दुसरा पट मुक्या जासुदाचा सिद्ध जाहला. त्यात विसाजींनी जीव ओतला होता. परंतु खरे ते लिहावे, पट मध्यावर रेंगाळला, आणि जासूद कोणाचा निरोप कोणास नेतो हे पाहणारांस उमगेना.

त्या समयी राजधानीच्या अखबारात नारोपंत टिपणीस पटांची परीक्षा लिहीत. गृहस्थ विद्वान, निर्लोभी, कोणाच्या पंक्तीस न जाणारे. लेखणी मात्र अशी की जिच्यावर चालली ती जागा पुन्हा भरून येऊ नये. त्यांनी दोन रकाने लिहिले आणि शेवटी एक ओळ घातली, "जासूद मुका आणि सांगणारा आंधळा." ती ओळ वाऱ्यावर गेली. ज्यांनी पट पाहिला नव्हता तेही ती म्हणू लागले, चहाच्या दुकानी म्हणू लागले, कचेरीत म्हणू लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात पट दाखविण्याच्या सर्व ठाण्यांवरून उतरला. विसाजी एके सकाळी दाढीस बसले असता न्हाव्याने त्यांस न ओळखता तीच ओळ हसत हसत ऐकविली. विसाजीही हसले, आणि मग अर्ध्या दाढीनिशी उठून चालते जाहले. घरी कुटुंब मथुराबाई दारात होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, हे काय? अर्धीच?" विसाजी म्हणाले, "घाई होती." बाईंनी पाणी तापवून आणिले आणि आरसा समोर धरिला. विसाजींनी आरशात पाहिले नाही, चाचपडत उरकले.

तेव्हापासून त्यांच्या ठायी पालट जाहला. ते दोन रकाने मुखोद्गत जाहले. काही योजावयास बसावे तो आधी नारोपंत काय म्हणतील हे मनात यावे, आणि मग योजिले ते खोडावे. मन्मथनाम संवत्सरी तिसरा पट हाती घेतला. त्यातील कथा ऐशी की शत्रू चालून येतो, दाणागोटा त्याचे हाती लागू नये म्हणून गावकरी आपणच आपली घरे पेटवून निघून जातात. त्या गावातील एक म्हातारी, घरास आग लागली असता, अंगण झाडून मग निघते. बोलत काही नाही. विसाजींनी हे प्रथम मनात आणिले तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता. परंतु पुन्हा मुके पात्र ठेविले तर पंत फाडून खातील, या भयाने त्यांनी म्हातारीच्या तोंडी सव्वा पानाचे भाषण घातले, आणि झाडणे काढून टाकिले. म्हातारीचे काम तानूबाईंकडे होते. साठ वर्षांची बाई, जन्म रंगभूमीवर गेलेला. त्या म्हणाल्या, "बाळ, भाषण पाठ केले आहे. पण घर जळताना इतके कोण बोलते?" विसाजी म्हणाले, "लोकांस समजले पाहिजे, बाई."

गावाबाहेरील माळावर मातीचे, गवती छपराचे घर उभारिले. ते एकदाच पेटावयाचे, दुसरे बांधण्याची सोय नाही. आणि राघोशेठांनी न पुसता त्याच दिवशी नारोपंतांस निमंत्रण धाडिले. शेठ म्हणाले, "पंत एकवार प्रसन्न जाहले म्हणजे आपले भाग्य खुलले. यांतही फसलो तर मजकडून पुढे होणे नाही, हे स्पष्ट सांगतो." सकाळी नारोपंत आले, छत्रीखाली खुर्चीवर बसले आणि भाषणाचा कागद मागून घेऊन वाचू लागले. चहूकडे मशाली घेऊन माणसे उभी, तानूबाई उंबऱ्यावर, आणि कॅमेऱ्यापाशी दाऊदमियां, विसाजींचे पहिल्या पटापासूनचे सोबती. दाऊदमियां म्हणाले, "हुजूर, वारा पश्चिमेचा आहे तोवर उरका. फिरला की धूर सगळा आपल्या तोंडावर."

विसाजींनी हात वर केला, आणि तो वरच राहिला. नजर छत्रीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मशालींचे तेल ठिबकू लागले. राघोशेठ घाम पुसू लागले. दाऊदमियां हळूच म्हणाले, "हुकूम?" विसाजींनी हात खाली घेतला आणि सर्वांदेखत छत्रीकडे चालत गेले.

नारोपंतांनी कागदावरून डोळे न काढता विचारिले, "हे भाषण कोणी घातले?"

"आपणच."

"मी?"

"आपण लिहिले, जासूद मुका आणि सांगणारा आंधळा. म्हणून ही बोलते."

नारोपंत म्हणाले, "मी त्या जासुदाबद्दल लिहिले. या म्हातारीस मी कधी पाहिलेही नाही. आणि लिहिले ते वाचणारांसाठी, विसाजीपंत, तुम्हांसाठी नव्हे. तुम्ही ते घरात का ठेवून घेतलेत?"

विसाजी म्हणाले, "तीन वर्षे मला आंधळा म्हणतात. न्हावी म्हणतो. आपणांस ओळ सुचली, आपण घरी जाऊन जेवलात."

"जेवलो," नारोपंत म्हणाले. "पट वाईट होता. आजही वाईटच म्हणेन. ओळ मात्र..." आणि कागद घडी करून त्यांनी विसाजींच्या हाती दिला.

तीन वर्षांत प्रथमच विसाजींस भय वाटले नाही, संताप आला, आणि संतापात माणूस निदान आपल्या पायांवर उभा असतो. ते परत फिरले आणि ओरडले, "तानूबाई, भाषण नाही! झाडा!" इतक्यात वारा हालला. दाऊदमियां हाक मारून म्हणाले, "हुजूर, फिरतो आहे!" हुकूम सुटला, मशाली छपरास लागल्या, कॅमेरा फिरू लागला, आणि तानूबाईंनी दाराआडची केरसुणी घेतली. दाराकडून अंगण झाडावयास आरंभ केला, कोपरे काढले, मागे ज्वाळा चढल्या तरी हात घाईचा नाही. ठिणगी पदरावर पडली, ती त्यांनी दोन बोटांनी झटकली आणि पुन्हा वाकल्या. माणसे घागरी घेऊन धावली. विसाजींनी आडवा हात करून त्यांस थांबविले. केर अंगणाच्या कडेस गोळा जाहला, बाई तो भरावयास वाकल्या, आणि तितक्यात फीत संपली, आणि वारा फिरून धुराने सर्व झाकले. बाईंस ओढून धुराबाहेर काढिले तेव्हा पदर एक वीत जळला होता. त्या खोकत म्हणाल्या, "केर भरायचा राहिला."

तो प्रसंग तैसाच अर्धा पटात घातला. पट प्रसिद्ध जाहला. नारोपंतांनी रकानाभर दोष दाखविले, युद्धाचे प्रसंग पोरकट म्हणाले, परंतु लिहिले की, "झाडणारी बाई डोळ्यांपुढून हालत नाही." पट कोठे चालला, कोठे पडला, राघोशेठांनी सांगितल्याप्रमाणे हात आखडला, आणि सहा वर्षे विसाजींस कोणी बोलाविले नाही. त्या अवधीत ते शाळेत चित्रकला शिकवून राहिले. पुढे लहानसे दोन पट केले. ते जाणत्यांनी वाखाणिले. कोणतीही परीक्षा मात्र त्यांनी पुन्हा घरात येऊ दिली नाही, स्तुतीचीही नाही.

येणेप्रमाणे वृत्त. तात्पर्य इतकेच की टीका खोटी नव्हती, आणि तरी माणूस तिच्याखाली मोडता मोडता राहिला. अखेरपर्यंत प्रत्येक प्रसंगी विसाजी हात वर करीत आणि चार मोजावे इतका वेळ थांबत. दाऊदमियांस हे ठाऊक, म्हणून ते न बोलता कॅमेरा आधीच चालू करून ठेवीत. तेवढी फीत दर वेळी वाया जाई. मंडळी तीस "पंतांचा वाटा" म्हणत, आणि विसाजींनी कधी कोणास ते म्हणू नका असे सांगितले नाही.