गुंडाप्पाच्या तोंडचा शब्द

आंबरूळ गावात पत्र एका घरी येत नाही. एकेक शब्द एकेका घरी पडतो, आणि ज्याच्या वाट्याचा शब्द, त्यानंच तो तोंडानं पोचवायचा.

आता तोंडं काही सगळ्यांची सारखी रुंद नसतात. पंचायतीच्या दप्तरी नोंदच आहे: तुळसाबाई शेटे, दिवसाला चार हजार शब्द, गुंडाप्पा मगदूम, दिवसाला एक. म्हणून फळ्यावर लिहिलंय, 'अरुंद तोंडाकडं आधी जावं.' पण फळा वाचतो कोण?

इंदूताई खराडे तर नाहीच. लेकीला बघून गेलेल्या पाहुण्यांचं पत्र आलं, तशा त्या बडबड्या घरांतून फिरल्या आणि तासाभरात सगळं गोळा केलं. 'मुलगी आम्हांला पसंत...' पुढचा शब्द गुंडाप्पाकडं. त्यापुढं, 'गुरुवारी सहाला फोन करू. काय ते तेव्हाच बोला.'

'आहे' असेल आणि ताई रागानं बोलल्या, तर स्थळ गेलं. 'नाही' असेल आणि हसून बोलल्या, तर अब्रू गेली.

मंगळवारी ताई पोचल्या, तर गुंडाप्पानं सकाळीच "चहा" म्हणून दिवस संपवलेला. बुधवारी त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून सून म्हणाली, "मामंजी, भाकरी किती?"

"दोन."

"भवाने, माझ्या पोरीचं वाटोळं करतीस का?" ताई ओरडल्या.

"मग म्हाताऱ्याला उपाशी ठेवू?"

गुरुवारी ओसरीवर कुत्रं चढलं. "हाड!" झालं.

सरपंचांनी तातडीची सभा घेतली. "रुंदी उसनी देता येते. सगळ्यांनी गप्प बसायचं, ती गुंडाप्पाकडं वळेल."

"मीसुद्धा?" तुळसाबाईंनी विचारलं.

"तू आधी."

पाचला गाव गप्प झालं. गुंडाप्पानं घसा खाकरला. "आहे. पसंत आहे. आता आमच्या आमटीचं बोलतो. बावीस वर्षं झाली, मीठ म्हणून नाही..."

तो थांबेचना. सहाला फोन वाजला. ताईंनी उचलला, तोंड उघडलं. शब्दच निघेना, सगळी रुंदी म्हाताऱ्याकडं. त्यांनी फोन त्याच्याच कानाला लावला.

"होय, आम्हालाही पसंत," गुंडाप्पा म्हणाला, आणि सात चाळीसपर्यंत आमटीचं बोलला.

ताई फोनला कान लावून घामाघूम. शेवटी पलीकडून व्याही आपल्या बायकोला सांगताना ऐकू आले, "अगं, माणसं मोकळी आहेत. लवकरची तारीख धरू. फक्त जेवण आपल्याकडनं नेऊ."